ताडाची पाकोळी, झाडाची पाकोळी

आमच्या गावात पाऊस यायच्या आधी आबांना वर्दी देऊन येतो, असं लहानथोर सगळ्यांना मनापासून वाटायचं. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. दिवाळी आटोपली की माझे आईवडील बैलगाडी जुंपून माजलगावच्या बाजूला ऊस तोडायला जायचे आणि मला आबांच्या घरी ठेवायचे. पोरीची शाळा बुडायला नको, असं आई सगळ्यांना सांगायची आणि निघताना माझ्याकडे बघायची नाही. त्यांच्याबरोबर निम्मं गाव जायचं. मागं राहायची ती म्हातारीकोतारी, शाळेतली पोरं आणि ज्यांचं रानात थोडंफार पीक उभं आहे अशी माणसं. बंद घरांच्या दारांना बोराटीच्या काट्या लावलेल्या असायच्या. बैल नसल्यामुळे संध्याकाळी घुंगरं वाजायची नाहीत, आणि एरवी ज्या गल्लीत भांडणांपायी झोप लागायची नाही, तिथं एका घरात भाकरी थापली तर चार घरं पलीकडे ऐकू जायचं. मला त्या शांततेची फार भीती वाटे. आज बीडमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहते, खाली दिवसभर रिक्षांचा कलकलाट चालतो. मुलगा म्हणतो, खिडकी लावून घे. मी लावत नाही.

आबांच्या घरात माणसं तीनच. ते स्वतः, त्यांची बायको, जिला मी मोठी माय म्हणायची, आणि लग्नाला आलेली मुलगी कमळ. मोठी माय बोलायची कमी आणि रांधायची झकास. येसराची आमटी, ज्वारीची भाकरी, तुरीचे दिवस असले की हिरव्या सोल्यांची उसळ, हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून केलेला घोळाणा. चुलीजवळच्या भिंतीला पाठ लावून मी ते जेवण जेवले आहे, आणि त्यानंतर लग्नांत, हॉटेलांत, सुनेच्या हातचं, कितीही खाल्लं तरी त्या आमटीची सर कशाला आली नाही. सुनेला हे मी तोंडावर सांगते, म्हणून आमचं पटत नाही. तर आबा आधी जेवायचे. ते जेवताना कुणी बोलायचं नाही. मीठ कमी असलं तर ते नुसता हात थांबवायचे, आणि मोठी माय मीठ घेऊन उभीच असायची. ते कधी ओरडले नाहीत, कुणावर हात टाकला नाही, हेही लिहायला हवं. चांगला माणूस होता. त्यांचा शब्द घरात कुणी मोडत नसे आणि गावातही कुणी मोडत नसे, आणि मला त्या वयातही त्याचा थोडा राग यायचा.

गावाची सगळी खळी मारुतीच्या देवळामागच्या मुरमाड माळावर एकमेकांना लागून होती. तूर, हरभरा, मग ज्वारी, जे काही वर्षाचं खाणं असेल ते तिथं उघड्यावर ढिगानं पडलेलं असायचं, आणि माघ-फाल्गुनात अवकाळी आला तर तासाभरात सगळ्याची माती. खळ्यापलीकडे ओढा, आणि ओढ्याच्या काठी दोन उंच ताड. निजामाच्या काळात कुणी ताडीसाठी लावलेले, ताडी बंद झाली, ताड राहिले. त्यांच्या वाळक्या झावळ्यांखाली पाकोळ्यांची वस्ती होती. या ताडपाकोळ्या दिवसभर उंच फिरायच्या. पण भरदुपारी त्या खाली उतरल्या, खळ्यावर माणसांच्या डोक्याइतक्या उंचीवर घिरट्या घालायला लागल्या, की संध्याकाळच्या आत पाणी येणार, हे आबांनी वर्षानुवर्षं पाहून ठरवलेलं होतं. तशा पाकोळ्या उतरल्या की ते कांशाची थाळी वाजवायचे. थाळी वाजली की हातातलं काम टाकून खळं झाकायला पळायचं. डोंगरावर गवताला गेलेल्या बायासुद्धा थाळी ऐकून भारे तिथंच टाकायच्या आणि नाळेनं खाली यायच्या. नाळ म्हणजे डोंगराच्या पोटातली अरुंद घळ. दोन्ही अंगाला पुरुषभर गवत, वाट उताराची, पण लांबच्या पाऊलवाटेपेक्षा निम्म्या वेळात थेट खळ्यावर आणून सोडणारी.

दुसरा आवाज देवळाच्या घंटेचा. डोंगराला वणवा लागला की घंटा वाजायची. घंटा ऐकली की वरच्या माणसांनी नाळेकडे फिरकायचं नाही, माथ्यावरच्या उघड्या खडकावर जाऊन बसून राहायचं. त्या खडकाला पाथर म्हणायचे. तिथं गवताची काडी नव्हती, त्यामुळे आग बाजूनं निघून जायची. खालच्या माणसांनी कडुनिंबाचे डहाळे तोडून आग झोडपायला वर जायचं. म्हणजे थाळी वाजली तर नाळेनं खाली आणि घंटा वाजली तर पाथरावर. हे आम्हां पोरांना पाढ्यांच्याही आधी पाठ असायचं.

कमळ माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठी. आबांच्या घरात हसणारी तेवढी एकटीच, आणि तेही आबा बाहेर गेल्यावर. माझ्या केसांतल्या उवा काढता काढता ती मला डोंगरावरच्या गोष्टी सांगायची. एका रविवारी गवताला जाताना तिनं मला बरोबर नेलं. माथ्याच्या कडेला एक वठलेली सालई होती. तिच्या शेंड्यावर, अगदी टोकाच्या काटकीवर, चारपाच पाखरं ताठ बसलेली. मी म्हटलं, ह्या आपल्या पाकोळ्याच की. तसंच लांब पातं असल्यासारखे पंख, तशीच दुभंगलेली शेपटी. कमळ म्हणाली, "इंदे, ताडाची पाकोळी कधी फांदीवर बसलेली बगितलीस का? तिचे पायच तसे न्हाईत. ती चिकटती, लटकती, पर बसत न्हाई. ही झाडाची हाय. हिच्या डोक्यावर तुरा बग."

मी तुरा बघितला. ती उडाली तेव्हा मात्र मला दोघींत काही फरक कळेना. उडताना तुरा मिटतो, शेपटी मिटून सुईसारखी होते, आणि खालून दोघी काळ्याच दिसतात. मग कमळनं मला शिकवलं, आणि ते शिकवणं कित्येक दुपारी चाललं. ताडाची लहान, धुरकट, पंख फडफडवत घाईघाईनं उडणारी. झाडाची तिच्याहून मोठी, निळसर राखी, चार झपके मारून मग पंख पसरून लांबवर तरंगत जाणारी. पण आभाळाकडे बघून लहान-मोठं ठरत नाही, आणि भुरं आभाळ असलं तर रंगही कळत नाही. "डोळं मीट," ती म्हणायची. "आता सांग कोनती." ताडाची बारीक चिरचिरते, कुठं थांबत नाही. झाडाची दोन सुरांत बोलते, एक वर, एक खाली, मध्ये जरा थांबून. डोळे मिटले की फरक इतका उघड होता की मला आधी का कळला नाही याचंच नवल वाटलं. उन्हाळ्यात तिनं मला झाडपाकोळीचं घरटंही दाखवलं. फांदीला थुंकीनं चिकटवलेला सालीचा बोटभर तुकडा आणि त्यात एकच अंडं. पाखरू वर बसलं की घरटं दिसतच नाही, नुसतं फांदीवर बसल्यासारखं दिसतं. माझी नात मोबाइलवर पाखरांचे फोटो दाखवून माझी परीक्षा घेते. फोटोला आवाज नसतो, त्यामुळे मी नापास होते.

एकदा जेवताना, आबांचा हात धुऊन झाल्यावर, मी विचारलं होतं. "आबा, डोंगरावरच्या पाकोळ्या खळ्यावर आल्या तर?"

आबा म्हणाले, "त्या येत न्हाईत."

"पर आल्या तर कसं वळखायचं?"

"डोंगरावरची डोंगर सोडत न्हाई, बाई. माझ्या जल्मात सोडलेली न्हाई." त्यांनी माझ्याकडं बघितलं, रागानं नाही. कमळनं टेबलाखाली मारावी तशी मला पायानं खूण केली. टेबल कुठलं तिथं, चुलीपुढंच बसलो होतो आम्ही, पण खूण कळली. आबांना उजव्या कानानं बरंच कमी ऐकू यायला लागलं होतं आणि डावा कानही आता पहिल्यासारखा राहिलेला नव्हता. घरात ते सगळ्यांना माहीत होतं. बाहेर कुणी बोलत नसे.

भिंतीला भिंत लागून पार्वतीकाकूचं घर. नवरा तोडीला गेलेला, ही तिच्या तुरीसाठी मागं राहिलेली. हसरी, अंगानं भरलेली, बोलायला लागली की चूल विझली तरी भान नसायचं. आदल्या वर्षी गारा पडल्या तेव्हा आबांच्या थाळीमुळे तिचा ढीग वाचला होता, शेजारच्या गावात मात्र तुरीला कोंब फुटले. तेव्हापासून आबा म्हणजे तिला देवाच्या खालोखाल. ताक केलं की पहिला तांब्या आमच्याकडे. "आबा हायती म्हून आमी खातो," असं ती मोठ्या मायला सांगायची, आणि मोठी माय नुसतं हं म्हणायची.

माघातला तो दिवस सकाळपासूनच बरा नव्हता. आभाळ भरून आलं होतं, पण वारा कोरडा. उजेड असा पिवळट मळकट होता की सावली पडत नव्हती. खाली सिरसाळ्याच्या अंगाला कुणाकुणाच्या रानात बांध पेटवलेले, त्याचा धूर कितीतरी दिवस आभाळाच्या कडेला लोळत होता, त्यामुळे धुराकडे कुणाचं लक्ष राहिलं नव्हतं. कमळ आणि पार्वतीकाकू भाकरी बांधून गवताला गेल्या. जाताना कमळनं माझी वेणी ओढली आणि बोरं आणते म्हणाली. सुट्टी होती म्हणून मला आबांबरोबर खळ्यावर राखणीला बसवलं होतं, शेरडं येऊ नयेत म्हणून. कुत्री कुठं दिसत नव्हती. देवळावरची कबुतरंही गप्प होती. मला उगीचच रडू येत होतं आणि कारण सांगता येत नव्हतं. आबांनी विचारलं, पोट दुखतंय का. मी नाही म्हटलं.

दुपार कलायच्या आधी पाकोळ्या आल्या. आधी दोन, मग दहाबारा, मग मोजता येईनात इतक्या. खळ्यावर खूप खाली, आमच्या कानांजवळून सूं करत जायला लागल्या. आबा उठले. आभाळाकडे बघितलं, पाकोळ्यांकडे बघितलं, आणि देवळाच्या ओसरीतून थाळी काढली. मी पाहत होते. त्या फडफडत नव्हत्या, तरंगत होत्या. मी डोळे मिटले. एक सूर वर, एक खाली, मध्ये जरा थांबून. सगळीकडून तोच आवाज. डोळे उघडून मी ताडांकडे बघितलं, तर ताडपाकोळ्या आपल्या ताडावर उंच, नेहमीसारख्या, कुठं काही झालंच नाही अशा फिरत होत्या.

थाळी वाजायला लागली. आबा थाळी फार जोरात वाजवायचे, आपल्याला ऐकू यावी म्हणून असेल. मी त्यांचा सदरा ओढला.

"आबा, ह्या ताडाच्या न्हाईत. झाडाच्या हायेत."

"सरक. ताडपत्री आन."

"आबा, आवाज आयका की. डोंगरावरच्या हायेत ह्या. त्या डोंगर सोडून कावून आल्या?"

त्यांनी ऐकलं की नाही, मला आजही सांगता येत नाही. गावातून माणसं धावत यायला लागली होती, म्हाताऱ्या, पोरं, कुणाच्या हातात पोती, कुणाच्या वाकळा. जो तो आपापल्या ढिगाकडे. मोठी माय आली आणि आधी पार्वतीकाकूचा ढीग झाकायला लागली, कारण पार्वतीकाकू अजून वर होती. मी तिच्यापाशी गेले. "मोठी माय, डोंगर पेटलाय वाटतं." तिनं डोंगराकडे मान वळवली. डोंगराच्या आमच्या अंगाला काहीही नव्हतं. धूर असलाच तर पलीकडच्या बाजूला जात असेल, आणि आभाळही त्याच रंगाचं. ती म्हणाली, "धूर कुठं हाय?" मी म्हटलं, "पाखरं आलीत." तिनं आबांकडे बघितलं. ते थाळी वाजवत होते. ती पुन्हा पोतं पसरायला लागली.

वणव्याची घंटा धूर दिसल्याशिवाय वाजवायची नाही, हा गावाचा नियम होता. माझ्याजवळ दाखवायला धूर नव्हता. पण थाळी वाजत होती, आणि थाळी ऐकून कमळ नाळेत उतरणार हे मला माहीत होतं. मी देवळात गेले, घंटेच्या दोरीला लोंबकळले आणि वाजवायला सुरुवात केली. बाहेर कुणीतरी ओरडलं, पोरगी येडी झाली का. एका म्हाताऱ्यानं माझा दंड धरून मला ओढलं, मी त्याच्या हाताला चावले. आता दोन्ही आवाज एकाच वेळी चालले होते, थाळीचा आणि घंटेचा, आणि आबा थांबत नव्हते. त्यांना घंटा ऐकू येत नव्हती. ते माझ्याकडे पाठ करून, डोंगराकडे तोंड करून, जीव तोडून थाळी वाजवत होते. वर आपली पोरगी आहे, तिनं पाण्याआधी खाली यावं, म्हणून तर वाजवत होते.

मग वारं फिरलं. पहिल्यांदा मला वाटलं पाऊस आला, कारण झाकलेल्या ढिगांवर काहीतरी पडायला लागलं. ते काळं होतं. गवताच्या जळक्या काड्या, वजन नसलेल्या, वाकळांवर, म्हाताऱ्यांच्या पांढऱ्या पटक्यांवर, आबांच्या हातावर येऊन बसत होत्या. आबांनी एक काडी चिमटीत धरली आणि तिची राख झाली. थाळी थांबली. तेव्हाच डोंगराच्या माथ्यावरून धूर आमच्या बाजूला सांडायला लागला, आणि नाळेच्या तोंडाशी, जिथून कमळ यायची होती, तिथं खालपर्यंत लाल दिसलं. दंड धरणाऱ्या म्हाताऱ्यानं मला सोडलं. कुणी मला शाबासकी दिली नाही आणि ती मला नकोही होती.

गावात धडधाकट माणसं होती किती. होती तेवढी डहाळे घेऊन वर पळाली. आबा सगळ्यांच्या पुढं होते, अनवाणी. आम्हां पोरीबाळींना मोठ्या मायनं देवळाच्या ओट्यावर बसवून ठेवलं. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला होता आणि ती एका जागी झुलत होती. पाकोळ्या अजून डोक्यावर होत्या, खात होत्या. आगीपुढं उडालेले किडे खाली आले होते, त्यांच्यामागं त्या आल्या होत्या. हे पुढं कुणीतरी शिकल्यासवरल्यानं मला समजावलं. मी विचारलं नव्हतं. त्या दिवशी मला त्यांचा इतका संताप आला की मी खडे उचलून मारत सुटले. एकही लागला नाही.

दिवस मावळायच्या सुमाराला आग नाळेतून उतरून ओढ्यापाशी विझली. खाली पेटायला काही उरलंच नव्हतं. काळ्या डोंगरावरून पाऊलवाटेनं माणसं परत येताना दिसली आणि त्यांच्यात कमळ होती. मी ओट्यावरून उडी मारली. तिचे पाय पोळले होते, भुवया जळल्या होत्या तिथं नुसती लाल रेघ होती, दोन माणसांनी तिला खांद्यांना धरून आणलं. मोठ्या मायनं तिला पोटाशी धरलं आणि मग तिच्या खांद्यावरून मागं बघितलं. मागं कुणी नव्हतं. आबा सगळ्यांच्या शेवटी आले. त्यांनी वर कुणालाच काही विचारलं नव्हतं, असं नंतर कळलं. आता ते कमळच्या पुढं येऊन उभे राहिले. सगळं गाव त्या झाकलेल्या, कोरड्या ढिगांमध्ये उभं होतं.

"पार्वती कुठं हाय?" आबांनी विचारलं.

आबांना ऐकू जावं म्हणून कमळनं त्यांच्या डाव्या कानापाशी तोंड नेलं, पण आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"थाळी वाजली तशा आमी नाळेत उतरलो. निम्म्यात आलो तर घंटा. मी म्हनलं, काकू, पाकोळ्या झाड सोडून गेल्यात, मागं फिर, पाथरावर जाऊ. तर काकू म्हनली, घंटा कुनी पोरानं वाजवली आसंल. थाळी आबांची हाय. आबा चुकत न्हाईत."

आबा तसेच वाकून उभे राहिले. त्यांनी विचारलं, "आनि?"

"आनि काई न्हाई," कमळ म्हणाली. "ती खाली पळत गेली."